जावयाची व्हॅन

"आई, एक हात जोडतो तुले," राजेंद्र म्हणाला. खरोखर एकच जोडला, कारण दुसऱ्या हातात मोबाइल होता. "तिथं गेल्यावर कोणाले गाव विचारू नको."

जिजाबाई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मी काहून विचारन? मले काय गावं मोजायची हायेत?"

"शिलाई मशीन घेतानी विचारलं होतं. निघाला आत्याच्या दिराचा साळा. मशीन आजलोक टाका सोडते, अन् आपण त्याले एका शब्दानं बोललो नाही. म्हैस घेतानी विचारलं."

"म्हैस चांगली होती."

"म्हैस आंधळी होती, आई."

"एका डोळ्यानं," जिजाबाई म्हणाल्या. "दूध काय डोळ्यातून देते?"

आत पोळ्या लाटणारी रूपाली, म्हणजे राजेंद्रची बायको, फसकन हसली. जिजाबाईंनी आत नुसतं पाहिलं, तसं हसू थांबलं. घरात तेवढा धाक अजून शिल्लक होता. बाहेरचा मात्र संपत आला होता, आणि व्हॅन घ्यायची होती ती त्याच्यासाठीच.

बालाघाटात आणि आसपासच्या गावांत जिजाबाईंनी उभा जन्म लग्नाकार्याचा स्वयंपाक केला. शाळेची आणि त्यांची ओळख दुसरीपर्यंतच, पण पंगत नजरेनं मोजून तांदूळ काढायच्या आणि कधी मूठभर उरला नाही की मूठभर कमी पडला नाही. मग गेल्या उन्हाळ्यात लांजीचं लग्न आलं. भाड्याचा टेम्पो सांगितला होता, तो आलाच नाही. वऱ्हाड पंगतीला बसलं आणि पानावर मिठाशिवाय काही नव्हतं. वरण पोचलं तेव्हा निम्मं वऱ्हाड चिवडा खाऊन परत बसमध्ये बसलं होतं. टेम्पोवाल्याला कोणी बोललं नाही. सगळे म्हणाले, जिजाबाई थकली आता.

थकल्या होत्याच, ते लोकांनी कशाला सांगायला पाहिजे, गुडघे रोज सांगत होते. पण आपण थकणं वेगळं आणि थकली म्हणून लोकांनी दुसरीला बोलावणं वेगळं. बोलावणी आटत गेली. आता भरवेलीच्या खाणकामगारांच्या कॉलनीतलं एक लग्न कसंबसं हाती आलं होतं, आणि नवरीच्या बापानं तोंडावर सांगितलं होतं, "बाई, बाकी काही नाही, जेवण वेळेवर पायजे. लांजीसारखं नको." तिथं क्वार्टरांमध्ये चुलाण मांडायला जागा नाही. म्हणजे स्वयंपाक घरच्या अंगणात करायचा आणि वाफा निघताहेत तोवर नेऊन पोचवायचा. हेही जेवण उशिरा गेलं, तर जिजाबाईंचे गंज, ती मोठाली पातेली, पुन्हा चुलीवर चढणार नव्हते. म्हणून स्वतःची गाडी. नवी झेपत नाही, म्हणून जुनी.

जुनी गाडी कशी पाहून घ्यावी याचे राजेंद्रनं मोबाइलवर इतके व्हिडिओ पाहिले होते, की तो झोपेत 'ऑइल, ऑइल' म्हणतो असं रूपाली सांगे.

"गाडी थंडी असतानीच चालू करून पाह्यची," तो आता आईला समजावत होता. "मालकानं आधीच गरम करून ठेवली असन, तर समजायचं गडबड हाये. खालची चटई उचलायची, पत्रा सडला का पाह्यचं. तेलाची कांडी काढून, पुसून, पुन्हा टाकून पाह्यची. सारे गिअर टाकून चालवून पाह्यची. कागद पाह्यचे. मंग भाव. भाव झाल्यावर चहा. त्याच्या आधी पानी पण नाही प्यायचं."

"अन् माणसं कधी पाह्यची?"

"माणसं नाही घ्यायची आपल्याले, आई. गाडी घ्यायची हाये."

जिजाबाईंनी लसणाची टरफलं सुपात झटकली. माणसं पाहिली की गाडी पाहिली, हे त्यांचं मत होतं. पण शिकलेल्या पोराशी वाद घालायला आता अंगात जीव राहिला नव्हता. कांडी पुसायला त्यानं बाजारातून कोरा करकरीत टॉवेल आणला होता. तेल पुसायला नवा टॉवेल. त्यांनी तो घडी करून आपल्या पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "मी तोंडच उघडत नाही. झालं?"

गाडी होती खैरलांजीकडच्या एका गावात, प्रेमलाल नावाच्या माणसाकडे. मोटरसायकलवर मागे बसून तिथवर जाईपर्यंत जिजाबाईंचे गुडघे आणि राजेंद्रची पाठ दोन्ही कामातून गेले. उतरल्यावर जिजाबाई जरा वेळ वाकूनच उभ्या राहिल्या. मग सरळ होऊन पाहतात तो अंगण असं सारवलेलं, की चप्पल काढूनच आत जावं. अंगणाला दोन फाटकं होती, एक इकडे, एक तिकडे. आणि मधोमध ती पांढरी व्हॅन, धुतलेली, नाक रस्त्याकडे करून उभी.

"पाह्य," त्या पोराच्या कानात म्हणाल्या, "येण्याचं फाटक वेगळं, जाण्याचं वेगळं. गाडीचं तोंड बी कसं बाहेर करून ठेवलं. वळण हाये माणसाईले."

"आई."

"मी कुठं बोलून राह्यली?"

प्रेमलाल बाहेर आला. उंच, मिशी कापलेली, चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा घाम. "जयभीम, जयभीम" झालं. राजेंद्रनं लगेच इंजिनच्या झाकणावर हात ठेवून पाहिला; थंड होतं. त्याचा चेहरा उजळला. प्रेमलालनं घसा खाकरला.

"भाऊ, गाडी पाह्यच्या आधी तिची एक गोष्ट सांगून देतो. म्हणजे मंग कटकट नको—"

तेवढ्यात त्याची बायको पाणी घेऊन आली. नाव साधना. उजव्या हातात तांब्या आणि डाव्या हाताचा पंजा उजव्या कोपराखाली धरलेला. जिजाबाई त्या कोपराकडे बघतच राहिल्या. त्यांच्या सासूबाई असंच पाणी द्यायच्या. सगळ्या जगात दुसरं कोणी देत नसे.

गाव विचारायचं नव्हतं. जिजाबाई शब्दाच्या पक्क्या होत्या. त्यांनी गाव विचारलं नाही.

"पोरी," त्या म्हणाल्या, "असं पानी द्यायले तुले शिकवलं कोणं?"

राजेंद्रनं डोळे मिटले.

"आजीनं," साधना म्हणाली.

"आजी कोठची?"

"तुमसरची. काहून?"

"बाजारात घर, समोर मोठा कडुनिंब. तिले एक बहीण होती, बालाघाटात दिली होती."

"हौ. बाबा सांगत होते. मावशीच्या घरी सुट्टीत जात होते म्हणे."

"मंग तू घनश्यामची पोरगी," जिजाबाई म्हणाल्या आणि तिथंच ओट्यावर बसल्या. "अवं, ती बहीण म्हणजे माझी सासू. तो माझ्या मालकाचा सख्खा मावसभाऊ. त्याच्या लग्नात वरण मी केलतं. मी तुही काकू होते, पोरी."

साधनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तांब्या खाली ठेवून ती पाया पडली. नात्याचं एक बरं असतं, सापडलं की पुढचं सगळं आपोआप होत जातं, कोणाला काही करावं लागत नाही. आणि वाईटही तेच. साधना पुतणी झाली, म्हणजे जो माणूस आत्तापर्यंत नुसता गाडी विकणारा होता, तो उभ्या उभ्या जावई झाला. घरच्या जावयाला, तोही पहिल्यांदाच भेटलेला, चटई उचल म्हणता येत नाही. त्याच्या पत्र्याला बोट लावून गंज पाहता येत नाही. तुझी गाडी खरी की खोटी, हे त्याला विचारायचं म्हणजे आपली पोरगी आपण कोणाच्या घरात दिली हे विचारण्यासारखं.

राजेंद्रला हे सगळं माहीत होतं. तरी त्यानं एक प्रयत्न केला. "आई, एक डाव नुसती चालू करून—"

जिजाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं झाकणावरचा हात काढून खिशात घातला.

"काकू," प्रेमलाल म्हणाला. त्याचा घाम आता मानेपर्यंत आला होता. "ते मी सांगत होतो ना, गाडीची गोष्ट—"

"गोष्टी होत राह्यतीन, जावईबापू. बसा तुम्ही आधी." पहिल्यांदा भेटलेल्या जावयाचा खांदा रिकामा ठेवायचा नसतो. जिजाबाईंनी पिशवीत हात घातला, तर देवानं धाडल्यासारखा कोरा टॉवेल हाताला लागला. त्यांनी तो उलगडून प्रेमलालच्या खांद्यावर घातला. तेलाची कांडी पुसायचा टॉवेल जावयाच्या खांद्यावर जाऊन बसलेला राजेंद्र बघत राहिला. मग तोही ओट्यावर बसला आणि समोर आलेलं पाणी गटागटा पिऊन गेला.

कोंबडी कापली गेली. भात झाला, रस्सा झाला, तुमसरच्या आजीची आठवण काढून दोघी बायका रडल्या. भावाचं बोलणं निघालं तेव्हा प्रेमलाल मान खाली घालून म्हणाला, "काकू, मी कमी करतो. तुमच्याकडून एवढे नाही घेत."

"जावयाचा भाव पाडायले आली का मी?" जिजाबाई म्हणाल्या. "जे सांगतले तेच घ्या."

"नाही काकू, खरंच कमी करतो. मले बरं नाही वाटत."

"तुमचा चांगुलपणा हाये, बापू. पण एक पै कमी नाही देणार मी."

विकणारा भाव उतरवतो आहे आणि घेणारी तो वर धरते आहे, असा सौदा खैरलांजी तहसिलीत पूर्वी झाला नसावा. शेवटी जिजाबाईच जिंकल्या. मोटरसायकल मागाहून न्यायची ठरली. निघताना प्रेमलालनं स्वतः पुढचं फाटक उघडलं. व्हॅन लोण्यावरून सुरी फिरावी तशी रस्त्यावर गेली. टॉवेल खांद्यावर घेऊन प्रेमलाल फाटकातच उभा होता. त्याचा एक हात वर होता आणि तोंड अर्धवट उघडं. साधना त्याला कोपरानं ढोसत होती. जिजाबाईंना वाटलं, पोरीला वाईट वाटून राहिलं.

"पाह्य कशी चालते," त्या म्हणाल्या. "अन् तू चटया उचलत बसला असता."

राजेंद्रला कबूल करावं लागलं की गाडी चांगली आहे. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, सगळे गिअर सुरेख पडत होते. घरची गल्ली पुढे भिंतीला जाऊन संपते. त्यानं व्हॅन भिंतीपर्यंत नेऊन ऐटीत उभी केली. गल्लीतली माणसं पाहून गेली. जिजाबाईंनी सगळ्यांना सांगितलं, जावयाकडून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजेंद्र गाडीत बसला आणि बराच वेळ बसूनच राहिला. गाडी घरघरत होती, पण जागची हलत नव्हती. रूपाली आधी बाहेर आली, मग जिजाबाई.

"काय झालं?"

"मागं जाऊन नाही राह्यली."

"जाईन. थंडी असन."

ऊन डोक्यावर आलं तरी ती थंडीच होती. मग कोपऱ्यावरच्या बाबूलाल मिस्त्रीला बोलावलं. तो गाडीखाली गेला, बाहेर आला, हात पुसले आणि जिजाबाईंना म्हणाला, "अम्मा, बैक गिअर तो समझो है ही नहीं. अभी का नहीं, पुराना मामला है. डब्बा पूरा उतारना पडेगा, सामान नागपूर से आएगा."

"कधी?"

"शादी-ब्याह का सीजन है अम्मा. दस-बारा दिन पकडो."

भरवेलीचं लग्न त्याच आठवड्यात होतं.

"पुढं तर चालते ना?" जिजाबाईंनी विचारलं.

"आगे तो मक्खन," बाबूलाल म्हणाला. "आगे नागपूर तक ले जाओ. बस, वापस मत आना."

तेव्हा कुठे जिजाबाईंना ती दोन फाटकं आठवली. एक येण्याचं, एक जाण्याचं. रस्त्याकडे केलेलं नाक आठवलं. त्या आत जाऊन लसूण घेऊन बसल्या.

"फोन करा ना तुमच्या भाटव्याले, त्या प्रेमलालभाऊले," रूपाली म्हणाली. "त्याले मालूम असनच."

"काय म्हणू?" राजेंद्र म्हणाला. "विचार आईले. जावयाले काय म्हणतात ते."

"जावयाले काही म्हणत नाही," जिजाबाई आतून म्हणाल्या. "घनश्यामच्या कानावर गेलं तर तो काय म्हणन? मावसभावाच्या बायकोनं माझ्या जावयाले चोर ठरवलं. नवऱ्याचं नाव लावते मी. अन् कायले मागं जायचं तुम्हाले? मागं काय ठेवलं हाये?"

मागं काय ठेवलं आहे ते त्या आठवड्यात सगळ्यांना कळलं. रस्त्यावर गाडी ठेवायला जागा नव्हती, म्हणून रोज सकाळी गल्लीतल्या माणसांनी व्हॅन उलटी ढकलत तोंडापर्यंत न्यायची. पहिल्या दिवशी माणसं हसत आली, दुसऱ्या दिवशी नुसती आली, तिसऱ्या दिवशी राजेंद्रला घरोघरी जाऊन उठवावं लागलं. बाजारात एकदा कोथिंबीर दुकानावरच विसरली; दुकान दहा पावलं मागे होतं, पण तिथं परत जायला राजेंद्र काली पुतली चौकाला वळसा घालून, अर्धं बालाघाट हिंडून आला. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून कोणी काही विचारेनासं झालं. जिजाबाईंनीही विचारलं नाही. त्यांचा स्वतःचा चेहरा काही फार वेगळा नव्हता.

लग्नाच्या दिवशी मात्र सगळं वेळेवर झालं. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी, सगळे गंज फडकी बांधून मागे लागले. रूपाली आणि सोबतच्या दोघी बाया गंजांना मिठी मारून बसल्या. जिजाबाई पुढे. गल्लीनं शेवटचा धक्का दिला आणि व्हॅन सुटली. भरवेलीच्या पाटीपर्यंत राजेंद्रनं तीन वेळा घड्याळ पाहिलं आणि तिन्ही वेळा त्याला हायसं वाटलं. वऱ्हाड अजून विहारातसुद्धा पोचलं नसणार.

पोचलं नव्हतंच. ते वाटेतच होतं.

कॉलनीच्या दोन क्वार्टरांच्या रांगांमधून एक अरुंद रस्ता जातो, दोन्ही बाजूंना नाली. एका टोकाला बुद्धविहार, आणि मांडव पार दुसऱ्या टोकाकडे. नवरदेव आधी विहारात वंदनेला जाणार आणि मग मांडवात येणार. जिजाबाईंची गाडी विहाराकडून मांडवाकडे चालली होती, आणि मांडवाकडून विहाराकडे धुमालवाले ढोल बडवत येत होते, त्यांच्यामागे नाचणारी पोरं आणि त्यांच्यामागे फुलांनी मढवलेली नवरदेवाची गाडी. रस्त्याच्या मधोमध सगळे समोरासमोर आले. ढोल थांबले.

"मागं घ्या गाडी," नाचणाऱ्यांतला एक म्हणाला.

राजेंद्रनं स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं.

"नवरदेवाची गाडी हाये भाऊ, मागं घ्या," दुसरा म्हणाला. मागून आणखी माणसं आली. कोणी म्हणालं ड्रायव्हर पिऊन आला आहे. कोणी म्हणालं जेवणाची गाडी आहे. जेवणाची म्हटल्यावर एका म्हाताऱ्यानं खिडकीतून आत वाकून विचारलं, "लांजीवालीच का?"

जिजाबाईंच्या कानापर्यंत ते नीट पोचलं. मागे वरण गरम होतं. फडक्यातून वाफ येत होती. असंच इथं उभं राहिलं तर ते निवणार, आणि यावेळी दोष द्यायला टेम्पोही नव्हता. त्यांनी दार उघडलं, गुडघा धरून खाली उतरल्या आणि काय बोलावं ते ठरवत नवरदेवाच्या गाडीकडे निघाल्या.

बोलायची गरज पडली नाही. नवरदेवाची गाडी आपणहून मागे सरकायला लागली.

"काहून मागं घेता?" नवरदेवाचा मामा ड्रायव्हरवर ओरडला. "त्याले मागं घ्यायले सांगा ना. तो गंजवाला नवरदेवापेक्षा मोठा हाये का?"

"नाही हो मामा," ड्रायव्हर आतून म्हणाला. "आपल्यालेच जावं लागन. तिले मागं जाणं नाही जमत."

जिजाबाई थबकल्या. झेंडूच्या माळा बाजूला करून त्यांनी आत पाहिलं. वऱ्हाड खैरलांजीकडचं निघालं; स्टिअरिंगवर प्रेमलाल होता, आणि त्याच्या खांद्यावर तोच टॉवेल होता.

दोघांची नजर भेटली. प्रेमलालचा पाय ब्रेकवर गेला.

"थांबवू नका, बापू," जिजाबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "घ्या मागं. तुमच्या गाडीले तर जमते."

मग ती वरात उलटी निघाली. पुढे तोंड करून बसलेला नवरदेव मागे मागे चालला. मामानं नाइलाजानं समजावलं तेव्हा धुमालवाल्यांनी पुन्हा ढोल धरले आणि व्हॅनकडे तोंड करून, पाठमोरे चालत, वाजवत राहिले. नाचणारी पोरंही उलटी नाचली. क्वार्टरांच्या दारांत बायका उभ्या राहिल्या. एक म्हातारी म्हणाली, "आपल्याकडं अशी पद्धत नाही बाप्पा." दुसरी म्हणाली, "खैरलांजीकडं असन." व्हॅन ढोलांच्या गजरात, नवरदेवानं वाट करून दिलेली, थेट मांडवाच्या कुंपणात नाक खुपसून उभी राहिली. नवरदेव मग पायी विहारात गेला. वंदना झाली, लग्न लागलं, आणि पंगत बसली तेव्हा वरणातून वाफ निघत होती. नवरीच्या बापानं पहिला घास घेतला आणि जिजाबाईंकडे पाहून मान हलवली. तेवढं पुरे होतं.

मग त्या बुंदीचं घमेलं घेऊन स्वतः वाढायला उठल्या. प्रेमलाल पंगतीच्या टोकाला बसला होता, शेजारी साधना. जावयाच्या पानावर बुंदी पडते तेव्हा तो नको नको म्हणतो आणि वाढणारी ऐकत नाही, हे सगळ्या जगाला माहीत आहे. जिजाबाईंनी प्रेमलालच्या पानावर चमचाभर बुंदी ठेवली आणि पुढे सरकल्या.

"काकू," तो म्हणाला.

"कोण काकू?"

"मी सांगणार होतो. आल्याबरोबर सुरूच केलतं ना मी? घेणाऱ्याले सगळं सांगून द्यायचं अन् त्या हिशोबानं भाव कमी करायचा, असं आमचं ठरलं होतं. मंग तुम्ही काकू निघाल्या." प्रेमलालनं टॉवेलनं तोंड पुसलं. "आता सासूच्या जागी असलेल्या माणसाले, पहिल्याच भेटीत, कसं सांगायचं? माझ्या गाडीत खोट हाये म्हणून? तुम्ही म्हणाल्या असत्या, घनश्यामनं पोरगी कोणाले दिली."

"मी याईले किती ढोसलं, काकू," साधना म्हणाली. "नाहीच बोलले. कोणी परके असते तर फटकन सांगतलं असतं."

जिजाबाई घमेलं कमरेवर घेऊन उभ्या राहिल्या. आपण जावई म्हणून विचारलं नाही, आणि त्यानं सासू म्हणून सांगितलं नाही. आणि मधल्यामध्ये गल्लीतल्या माणसांच्या कंबरा मोडल्या. राग यायला हवा होता. पण दिवसभर उभं राहून पाय इतके भरून आले होते, की राग चढायलासुद्धा जागा नव्हती.

"मंग असं करू," त्या म्हणाल्या. "त्या गाडीचा गिअर बसेपर्यंत तुम्ही माझे जावई नाही. मी तुमची काकू नाही. तुम्ही खोटी गाडी विकणारे अन् मी घेणारी. उद्या येऊन बाबूलाल मिस्त्रीले काय लागते ते तुम्ही द्यायचं. कबूल?"

प्रेमलालच्या चेहऱ्यावरचा घाम पहिल्यांदाच दिसेनासा झाला. "कबूल, बाई. अर्धं तर नाही ना चालणार?"

"पूर्ण."

"तुम्ही पाह्यलं नाही घेतानी. चूक तुमची बी हाये, बाई."

"हौ, हाये. तरी पूर्ण."

"बरं, पूर्ण," प्रेमलाल म्हणाला. दोघांना एकमेकांशी बोलणं इतकं सोपं कधीच गेलं नव्हतं. साधना मधे बसून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होती. "अन् मी कोण?" तिनं विचारलं.

"तू घनश्यामची पोरगी. तुले काही झालं नाही," जिजाबाई म्हणाल्या आणि तिच्या पानावर बुंदीचा डोंगर केला. प्रेमलालनं आपलं चमचाभर निमूट खाल्लं.

भांडी घासून, गंज भरून निघायची वेळ झाली, तेव्हा व्हॅनचं नाक अजून कुंपणातच होतं. राजेंद्र स्टिअरिंगवर जाऊन बसला, जिजाबाई शेजारी. प्रेमलालनं वऱ्हाडातली चार माणसं गोळा केली आणि कोणी न सांगता स्वतः पुढच्या बंपरला खांदा लावला. त्याच्या बाजूला नवरीचा मोठा मामा आला, पांढऱ्या मिशांचा, पोटभर जेवलेला, निवांत माणूस. हात लावण्याऐवजी तो जिजाबाईंच्या खिडकीशी येऊन टेकला.

"बाई, वरण खाल्लं तुमच्या हातचं," तो म्हणाला. "डोळ्यात पानी आलं. आमची एक आत्या होती, अगदी असंच करत होती. मोहरी अशीच, शेवटी टाकत होती. तिचं माहेर बी बालाघाटकडचंच. तुम्ही कोणत्या गावच्या?"

राजेंद्रनं मान वळवून आईकडे पाहिलं. बंपरवर वाकलेल्या प्रेमलालनंही मान वर केली.

मोहरी शेवटी टाकणाऱ्या बाया अख्ख्या मुलखात दोन घरांत होत्या, आणि दोन्ही घरं जिजाबाईंना तोंडपाठ होती. शब्द अगदी ओठांवर आले. त्यांनी मामाच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं, त्याच्या रिकाम्या, धडधाकट हातांकडे पाहिलं, आणि खिडकीची काच अर्धी वर केली.

"आधी ढकला, भाऊ," त्या म्हणाल्या. "गाव मंग सांगते."